काचेवरची तपकिरी पूड

लोधिवलीतल्या आमच्या शेजारच्या वहिनी रसायनीला कारखान्यात कामाला जातात. सुट्टीच्या दिवशी मात्र झाडं धुंडाळतात. खोडावर अळंबी दिसली की पर्समधला छोटा आरसा तिच्याखाली धरून पोटाकडची बाजू बघतात. अळंबी उगाच तोडत नाहीत. बोलतात थोडं, आणि बोलून झालं की "बघू" म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात उन्मळून पडलेल्या आंब्यावर पांढरी अळंबी दाट फुटली. "धिंगरी हाय. खायला चालंल," वहिनी सकाळी म्हणाल्या. त्यांच्या शब्दावर आळीतल्या तीन-चार घरांनी ती खुडून नेली. मीही नेली.

दुपारी त्या दारात आल्या. हातात काचेचा तुकडा होता. सकाळी त्यावर त्यांनी एक अळंबी ठेवली होती, तिथं तिच्या पोटाकडून झडलेली तपकिरी पूड पडली होती.

"धिंगरीची पूड पांढरट पडते गं. ही दुसरीच कायतरी हाय. माझं चुकलं. टाकून दे."

"भाजी झालीय माझी. विषारी आहे का?"

"ते मला माहीत नाय. म्हणूनच खायची नाय."

मी कढई रिकामी करेपर्यंत त्या उभ्या राहिल्या, मग पुढच्या दारात गेल्या. प्रत्येक घरी त्यांनी "माझं चुकलं" म्हणून सांगितलं. एका घरात सगळे हसले. वहिनींनी त्यांना हसू दिलं, पण त्यांनी भाजी टाकेपर्यंत वहिनी उंबऱ्यावरून हलल्या नाहीत.

माहेरची माणसं आली की मी वहिनींना मुद्दाम बोलावते आणि त्यांच्यादेखत हे सगळं सांगते. त्या अवघडून खाली बघतात. माझा आवाज मात्र कौतुकानं चढतच जातो.