बाबांची रापी

"तू या वेळी फक्त पेपर प्लेट्स आण गं."

इथल्या मराठी मंडळाच्या काकूंचा फोन होता. आवाज नेहमीसारखाच गोड. अमेरिकेत, शिकागोजवळ नेपरव्हिलला येऊन मला आठ वर्षं झाली. आठही वर्षं संक्रांतीच्या पॉटलकला माझ्या पाटवड्या असायच्या. डबा सगळ्यात आधी रिकामा व्हायचा, आणि रेसिपी काकूच मागायच्या. या वर्षी प्लेट्स.

"ओके काकू," मी म्हणाले. फोन ठेवला. भांडी घासली. राग नाही, रडू नाही. काहीच आलं नाही.

कारण मला माहीत होतं. दोन आठवड्यांपूर्वी मंडळाचे आम्ही सगळे शिकागोला म्युझियम बघायला गेलो होतो. तिथे इन्युइट लोकांचे कपडे मांडले होते. काचेमागे हरणाच्या कातड्याचा केसाळ अंगरखा. सीलच्या कातड्याचे बूट. शेजारी हाडाची सुई, जनावराच्या स्नायूचा दोरा. गाइड सांगत होती, सुई कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नाही, अर्ध्या जाडीतूनच बाहेर काढायची, म्हणजे शिवणीतून पाणी शिरत नाही. शिकारीला गेलेला माणूस जिवंत परत येणं घरातल्या बाईच्या टाक्यांवर अवलंबून असायचं. "काय स्किल आहे यार," सगळे म्हणत होते. काकूही म्हणाल्या.

मग गाइडनं टेबलावर एक सुरी ठेवली. उलू. अर्धगोल पातं, वर मूठ. कातडं कापायची, तासायची. सोबत कातड्याचा एक तुकडा, करून बघायला. सगळ्यांनी ती भाजीच्या सुरीसारखी धरली. हसले, फोटो काढले.

माझी पाळी आली. मी अंगठ्याच्या नखावर धार तपासली. मूठ तळहातात दाबली, कातड्याची आतली बाजू वर केली आणि कड तासायला लागले. अंगापासून दूर, खांद्याचा जोर देऊन. पातळ साल निघत गेली. मी काही ठरवून केलं नव्हतं. अकोल्याला एसटी स्टँडच्या भिंतीला टेकून बाबा चपला शिवायला बसायचे. शाळा सुटली की मी त्यांच्याजवळ बसून त्यांच्या चामडं तासायच्या रापीनं हेच करायची. इथे मी सगळ्यांना सांगितलं होतं, बाबांचं चपलांचं दुकान होतं.

काकू बघत होत्या. माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे.

"तुमच्याकडे हेच काम होतं का गं?"

"नाही हो काकू. यूट्यूबवर पाहिलं."

काकू "अच्छा" म्हणाल्या. त्यांनी पर्समधून सॅनिटायझर काढलं.

तेवढंच घडलं. बाकी काही नाही. काकूंनी प्लेट्स सांगितल्या ते नंतर. त्याआधी मी माझ्याच तोंडानं बाबांना नाकारलं होतं, आणि त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

फोन झाला तेव्हा मुलगी ओट्याशी उभी होती. नऊ वर्षांची. म्हणाली, "आई, व्हाय ओन्ली प्लेट्स?"

मी हात पुसले. कपाटात स्वेटरांच्या खाली कापडात गुंडाळलेली बाबांची रापी होती. काढली. मूठ त्यांच्या हातानं झिजलेली. मुलीला सांगितलं, आजोबांचं दुकान नव्हतं. ते रस्त्यावर बसून लोकांच्या चपला शिवायचे. त्यांची शिवण उसवायची नाही. आणि या कामावरून लोक आपल्याला कमी समजतात, म्हणून प्लेट्स. तिनं झिजलेल्या मुठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "शो मी." मी तिच्या तळहातात मूठ बसवली.

मग काकूंना फोन लावला.

"प्लेट्स मी आणणार नाही. पाटवड्या आणेन."

काकू म्हणाल्या, "अगं, तुझी धावपळ नको म्हणून..."

"धावपळ नाही," म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी आम्ही दोघी जाणार आहोत. डबा टेबलाच्या मधोमध ठेवीन. कुणी हात लावला नाही तर तो भरलेला राहील, आणि मी त्याच्या शेजारी शेवटपर्यंत बसेन. बाबा काय करायचे ते कुणी विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तरी सांगेन.