शेजारी बसा, भावजी

वहिनी कधीच कुणाकडे बघून बोलत नसत. त्यांना बघायला आम्ही साताऱ्याकडे गेलो, तेव्हा आई याच गोष्टीवर भाळली. "मान वर केली नाय पोरीनं. अशी सून आता शोधून मिळायची नाय," परतताना ती म्हणाली.

लग्नानंतर वहिनी आमच्या कोपरखैरण्याच्या घरात आल्या. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. दादा वाशीच्या मार्केटात कामाला, मी कॉलेजात. वर्ष होत आलं तरी मान खालीच, तेव्हा आईला तो लाजाळूपणा वाटेना. "हिच्या मनात दुसरंच कोनतरी हाय," ती माझ्या कानाशी लागली.

पाहुणे आले की वहिनी उठून पंखा बंद करत. "आपलं बोलणं ऐकायला करती," आई म्हणे. मी विचारलं, तर म्हणाल्या, "त्याचा आवाज डोक्यात घुसतो, भावजी." घामाने निथळताना मला ते खोटंच वाटलं.

त्यांचं दुसरं म्हणणं तर भलतंच. जेवताना मी समोर बसून काही सांगू लागलो की म्हणत, "शेजारी बसा, भावजी. तोंड दिसलं की बोलणं समजत नाही मला." धाकट्या दिराला शेजारी बसवणारी वहिनी! मी ताट उचलून बाहेरच्या खोलीत जायचो.

एका दुपारी आत्याची मंडळी आली आणि वहिनी गायब झाल्या. मी दबक्या पावलांनी गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीला कान लावून, डोळे मिटून त्या उभ्या होत्या. एकट्याच. त्यांचा चेहरा इतका शांत मी कधी पाहिला नव्हता. दादाला मात्र सांगितलं, "टाकीमागे कोणाचीतरी वाट बघत होत्या." ते 'कोणाचीतरी' माझ्या पदरचं.

"कोण होतं?" दादाने विचारलं.

"पाणी ऐकत होते," वहिनी म्हणाल्या.

"पाणी ऐकती म्हणं!" आई हसली.

दादाने त्यांना माहेरी पोचवायचं ठरवलं. हायवेवर एसटीत बॅग ठेवायला मी चढलो. दादा खाली कंडक्टरशी बोलत होता. खिडकीबाहेर बघत वहिनी हळूच म्हणाल्या, "शेजारी बसा, भावजी." त्यांना काहीतरी सांगायचं होतं. मी बॅग ठेवली आणि उतरलो. त्या परत आल्या नाहीत. पुढे फारकत झाली.

बऱ्याच वर्षांनी माझी मुलगी बोलेना, म्हणून डॉक्टरांकडे नेली. "नजरेला नजर देते का? आवाजांचा त्रास होतो?" त्यांनी विचारलं. स्वमग्नता हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. डोळ्यांपुढे आली ती गच्चीवरची टाकी.

आता मी कामावरून आलो की मुलगी उठून पंखा बंद करते. मी घाम पुसत तिच्या शेजारी बसतो, समोर नाही. मग खिडकीबाहेर बघत ती बोलू लागते.