मानेतलं कळणारा माणूस

आमच्या दादाला मानेतलं सगळं कळतं, असं खुद्द दादाचं मत. छत्तीस वर्षं सलून चालवतोय. केस कापून झाले की गिऱ्हाइकाची हनुवटी एका हातात, डोकं दुसऱ्या हातात, आणि कडकन मान मोडून देणार. गिऱ्हाईक "आहाहा" म्हणतं. या आहाहाच्या जोरावर आमचा दादा डॉक्टर झाला. मी त्याचा धाकटा भाऊ, दुसऱ्या खुर्चीवरचा कारागीर आणि या डॉक्टरचा बिनपगारी कंपाउंडर.

गेल्या वर्षी त्याच्या हातून कंगवा पडायला लागला. आधी दोष कंगव्याला, मग गिऱ्हाइकांच्या तेलकट केसांना. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! शर्टाची बटणं वहिनी लावून द्यायची, हे मला तीन महिन्यांनी कळलं, तेही तिच्याकडून. चालताना हा पाय असा टाकायचा, की अंधारात जिना उतरणारा माणूस बरा. मान खाली घातली की पाठीतून टाचेपर्यंत झिणझिण्या.

"दादा, डॉक्टरकडे चल."

"कशाला? मान अडकलीय, मोडली की सुटेल. यातलं मला सांगू नकोस."

आणि मोडायची कोणी? मीच. रोज सकाळी शटर वर गेलं की पहिलं गिऱ्हाईक दादा. मला त्यातलं काडीचं कळत नव्हतं, पण ज्यानं कात्री धरायला शिकवली त्याला नाही कसं म्हणणार? एका सकाळी नेहमीसारखी मोडली. कडकन आवाज आला. दादा उठायला गेला, आणि पाय जागचे हलेनात. "जरा बसतो," म्हणाला. एवढं होऊनही "जरा बसतो"! मी आणि समोरच्या चहावाल्यानं त्याला उचलून गाडीत घातलं आणि हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरबाईंनी मानेचा फोटो उजेडावर धरून दाखवला. मणक्यांच्या आतून मेंदूपासून खाली जाणारा मज्जारज्जू तीन ठिकाणी चेपला होता.

"मान कोण मोडत होतं?" बाईंनी विचारलं.

आमचा मानेचा तज्ज्ञ छताकडे बघत बसला. शेवटी मीच हात वर केला. मग बाईंनी मला जे सुनावलं, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

"ऑपरेशन करावं लागेल," त्या दादाला म्हणाल्या. "मागच्या बाजूनं हाड मोकळं करून रज्जूला जागा करून देऊ. आणखी बिघडू नये, हा पहिला हेतू. गेलेलं किती परत येईल, ते आज सांगता येणार नाही. वर्षापूर्वी आला असतात तर गोष्ट वेगळी होती."

"वस्तरा धरता येईल ना?" दादानं विचारलं. चालता येईल का, हे नाही विचारलं.

"बघू," बाई म्हणाल्या.

ऑपरेशनच्या सकाळी मानेवरचे केस काढायला वॉर्डातला माणूस मशीन घेऊन आला. दादानं त्याला हाकलून लावलं. "धरायचं कसं ते माहीत नाही आणि निघाला केस काढायला! माझ्या भावाला बोलवा." डोक्याला ताप नुसता. शेवटी नर्सच्या पाया पडायचं बाकी ठेवून मीच ते केस काढले. दादा पालथा पडून सूचना देतोय, "कडेनं ये. घाई करू नकोस. रेघ सरळ आली पाहिजे." तासाभरात मान उघडणार, आणि याला पडलीय रेघेची! ज्या मानेला मी रोज हिसडा देत होतो, तिच्यावर त्या दिवशी मी मशीन धड टेकवतही नव्हतो. त्यानं तेही ओळखलं आणि त्यावरूनही ओरडला.

ऑपरेशन चार तास चाललं. दीड महिन्यात पाय सुधारले, पुढे काठीही सुटली. वहिनीनं देवासमोर नव्हे, डॉक्टरबाईंसमोर हात जोडले.

चार महिन्यांनी दादा सलूनमध्ये आला तो खिशात फुगा घेऊन. आमच्या धंद्यात नवा माणूस दाढी शिकतो ती फुग्यावर. फुग्याला साबण लावायचा आणि वस्तऱ्यानं फेस उतरवायचा. फुटला, तर अजून गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही. छत्तीस वर्षांच्या कारागिरानं स्वतःची परीक्षा घ्यायची ठरवली होती. मी फुगा धरला. वस्तरा हळूहळू सरकत खाली आला. सगळा फेस उतरला आणि फुगा शाबूत.

"जमलं की रे!" मी ओरडलोच. "उद्यापासून तुझी खुर्ची सुरू."

दादानं वस्तरा पुसला, मिटला आणि माझ्या आरशापुढे ठेवला.

"डोळ्यांनी केलं रे," तो म्हणाला. "बोटांना काही कळलं नाही. पातं टेकलं कधी, उचललं कधी, काहीच नाही. असा हात माणसाच्या गळ्यावर ठेवायचा नसतो."

वर्षभर हा माणूस धडधडीत खोटं बोलला आणि मी चिडत राहिलो. त्या दिवशी एकदाचा खरं बोलला, तर मला वाटलं, बोल रे दादा, अजून एकदा खोटं बोल.