फाडलेल्या पुस्तकाचे चारशे रुपये

शुद्धलेखन चुकलं असेल तर माफ करावं. चौथीनंतर माझी शाळा सुटली, आणि विडीची पानं कापून बोटं अशी झालीत की अक्षर वाकडंच येतं.

आमच्या गल्लीतल्या सात-आठ बायका दुपारी सूप मांडीवर घेऊन माझ्या दारात विड्या वळतात. मी वाचनालयातली कादंबरी मोठ्यानं वाचते. तेवढा वेळ माझं काम थांबतं, म्हणून प्रत्येकीनं पंचवीस विड्यांचा एकेक कट्टा माझ्या सुपात टाकायचा, असं ठरलेलं. मला चारचौघींत बोलायला जमत नाही. वाचायला जमतं.

त्या कादंबरीतली सून पहिल्या पानापासून मार खात होती. त्या दिवशी तिनं नवऱ्याचा उगारलेला हात धरला. सगळ्यांचं वळणं थांबलं. शेजारच्या आक्का म्हणाल्या, "परत वाच की गं तेवढं." मी तीनदा वाचलं.

तिसऱ्यांदा वाचत होते तेव्हा माझा नवरा कामावरची पाळी सुटून मागं येऊन उभा राहिलेला. "चौथी पास मास्तरीण! हे शिकवती व्हय बायांना?" म्हणत त्यानं पुस्तक हिसकलं, मधोमध फाडलं आणि सगळ्यांसमोर माझ्या तोंडात मारली. मला त्याचा हात धरता आला नाही. नवऱ्याचा राग येतोच, माझा स्वतःचाही येतो.

वाचनालयानं चारशे रुपये मागितले. भरल्याशिवाय दुसरं पुस्तक नाही. बायकांनी वर्गणी काढून भरले. मी म्हटलं, "फेडते हळूहळू."

आक्का भडकल्या. "तू का? फाडलं कुणी?"

शनिवारी नवऱ्याचा पगार होतो. त्या शनिवारी सगळ्या सुपं घेऊन आमच्या उंबऱ्यापाशी येऊन बसल्या. "जावईबापू, पन्नास द्या, मग उठतो," आक्का म्हणाल्या.

"न्हाय दिले तर?"

"बसतो की. विड्या काय, हितं बी वळतात."

तो माझ्याकडं बघायला लागला. मी हात पुढं केला. "पुस्तक तुमी फाडलं. पैसे तुमीच द्यायचे."

त्यानं पन्नासाची नोट काढून दिली. असे आठ शनिवार गेले. पुस्तक फाडलं तर भरून द्यावं लागतं, एवढं त्याला कळलं. मारल्याबद्दल मात्र एक शब्द नाही. मी दर शनिवारी विचारलं, "आणि मारलं त्याचं काय?" तो पन्नासाची नोट टाकून बाहेर जायचा. मी विचारायचं सोडणार नाही.

काल शेवटची नोट आली. आक्कांनी ज्यांचे त्यांना वाटून दिले. चारशेचे चारशे फिटले.