मागच्या दाराची कडी

संग्रहालयात तिकिटं देणाऱ्या काकांना सगळे 'मालक' म्हणायचे. मला वाटलं, चेष्टा असेल. पण ते घर खरोखरच त्यांचं होतं. त्यांच्या आजोबांनी लाकडाच्या व्यापारावर तीन मजले चढवले होते. घरात इतकी माणसं, की चूल म्हणून विझायची नाही. पुढे भाऊ वेगळे झाले, वखार बसली, काकू गेल्या. उरले काका आणि एकुलता एक मुलगा. मग तोही निघून गेला.

बिल्डर खेटे घालत होते, तरी काकांनी घर संग्रहालयाला देऊन टाकलं. नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं. स्वतःसाठी त्यांनी जिन्याखालची खोली मागितली आणि एकच अट घातली: मागच्या दाराला कडी लावायची नाही.

ती अट बरीच वर्षं पाळली गेली. मग त्याच दारातून कुणीतरी वखारीची पितळी मापं पळवली. संग्रहालयाच्या समितीने ठरवलं, दार कायमचं बंद करायचं आणि चोरीचा गजर बसवायचा. ते काम माझ्याकडे आलं.

मी चौकटीला आणि दाराच्या फळीला चुंबकी गजराचा एकेक तुकडा बसवत होतो. काका स्टूल धरून उभे होते. मी त्यांना समजावलं, हे दोन तुकडे जवळ असले की गजर गप्प, लांब गेले की बोंब.

"आमचं उलटं होतं," काका म्हणाले. "जवळ असलो की बोंब."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग स्टूल धरूनच त्यांनी सांगितलं. आजोबांचा नियम होता, बाहेर जाणाऱ्याने 'येतो' म्हणायचं आणि घरातल्या कुणीतरी 'ये' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मुलाला वखारीत बसायचं नव्हतं. एके दिवशी बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. तो बॅग घेऊन याच दाराशी आला.

"एवढं भांडून पण 'येतो' म्हणाला. आणि थांबला. उंबऱ्याच्या आत, नियमाप्रमाणे. मी पेपरातून मान वर केली नाही."

"मग?"

"किती वेळ थांबेल बिचारा?"

नंतर त्यांनी पुष्कळ शोधलं. पत्ता लागला नाही. "घर विकलं असतं तर पाडलं असतं. मग तो आला असता तर कुठे आला असता, सांग."

मी म्हटलं, समितीशी बोलू का? काकांनी नकारार्थी मान हलवली. त्यांचं बरोबर आहे, म्हणाले, घर आता त्यांचं आहे.

काम संपलं. गजर चालू करायच्या आधी काकांनी मला हाताने थांबवलं. दार उघडून ते उंबऱ्याशी उभे राहिले. मागची गल्ली रिकामी होती.

"ये," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी दार ओढलं आणि कडी घातली. इतकी वर्षं न वापरलेली कडी सहज बसली नाही. दोन्ही हातांनी रेटावी लागली.