शेठची हिरवळ, आप्पाची माती

चूक आप्पाची होती. आप्पा म्हणजे माझा बाप. हे आधीच सांगून टाकतो, कारण घरात अजून सगळे दोष मातीला देतात.

बांधकामावर असे किस्से न मागता जमतात, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांसारखे. डबा उघडला की कुणीतरी एक काढतो आणि मग रांग लागते. या एका कामाचे माझ्याकडे पुष्कळ आहेत. लोक हसतात, मी पण हसतो.

*

पर्वत पाटियाच्या पुढे एका कापडवाल्या गुजराती शेठचा बंगला. त्याला मागच्या अंगणात गोल्फचं पटिंग ग्रीन पाहिजे होतं. आप्पा मुकादम, मामा गवंडी, आणि मी सिव्हिलचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षात सोडलेला, म्हणून खोदायला.

शेठने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. गुळगुळीत हिरवळ, तिच्यात भोक, चेंडू हळूच ढकलून भोकात घालायचा.

मामाने विचारलं, "अन् भोकात गेल्यावर?"

"बाहर निकालने का," शेठ म्हणाला.

मामाने बराच विचार केला. "मग घातला कशाला?"

*

जमीन काळी, चिकण. मी हातभर खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी तसंच. शेठ वाकून बघायला आला आणि खूश झाला.

"एक टीपुंय लीक नथी! केवुं मजबूत काम!"

मी म्हटलं, "शेठ, लीक व्हायलाच पाहिजे. नाहीतर तुमच्या ग्रीनमध्ये म्हशी बसतील."

शेवटी ठरलं, दोन फूट माती काढायची, खडी आणि रेती भरायची, आणि पाणी जायला कोपऱ्यात शोषखड्डा, खाली रेतीचा थर लागेपर्यंत. तो लागला आठ फुटांवर. खड्डा एवढा अरुंद, की आत वाकलं की पाठ एका भिंतीला आणि डोकं दुसरीला. तिथून वर आभाळाचा रुमालाएवढा तुकडा दिसायचा. रोज सकाळी शिडीवर पहिला पाय ठेवताना मी भिंत हाताने दाबून बघायचो. वाटायचं, ही भिंत आज माझ्यावर बसणार.

*

माती न्यायला ट्रॅक्टर आला. आप्पाने परत पाठवला.

"हाई काळी माती शे. हिले फेकतस का?"

गवत रेतीवर येत नाही, वर दोन बोटं खरी माती लागते, असं त्याचं म्हणणं. म्हणून सगळी माती खड्ड्याच्या अगदी काठावर रचून ठेवली. माणूसभर उंच ढीग.

डिप्लोमातलं मला एकच चित्र आठवतं. खड्डा, आणि त्याच्यापासून बराच लांब मातीचा ढीग. मी सांगितलं, "आप्पा, ढीग मागे सरकव. वजनाने कडा बसेल."

"पुस्तक वाचीसन पास व्हयना का तू?"

मामाला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला.

*

शेठला ढीग आवडला. रोज संध्याकाळी तो पांढरे बूट घालून ढिगावर चढायचा आणि हवेतच काठी फिरवायचा. मी खाली. प्रत्येक फटक्याला माझ्या मानेत माती पडायची.

मी ओरडलो, "शेठ, उतरा!"

वरून आवाज आला, "डिस्टर्ब मत कर, भाई. फॉलो-थ्रू चल रहा है."

*

मग कडेला भेग पडली. सकाळी करंगळी जायची, संध्याकाळी अंगठा. मी मामाला दाखवली. त्याने शांतपणे घमेल्यात सिमेंट कालवलं, भेगेत भरलं, वरून थापी फिरवली.

"आता दिसते का?"

"नाही."

"मग मिटली."

त्या दिवशी मी भेस्तानला घरी जाऊन आईला सांगितलं, मी उद्या उतरणार नाही. आई भाकरी थापतच म्हणाली, "आप्पा शेती करेल माणूस शे. त्याले माती कळस."

आप्पाने खानदेशातलं शेत सोडलं तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. मधली सगळी वर्षं त्याने कडोदऱ्याला लूम चालवले. पण हे आमच्या घरात मोजत नाहीत.

*

सकाळी बघतो तर ढीग चमकत होता. आप्पाने त्यावर पाइप सोडून ठेवला होता. काळी माती सुकली तर दगड होते, म्हणून. पाणी प्यायलेली माती किती जड होते ते मला माहीत होतं. मी शिडीजवळ उभा राहिलो. मला नाही म्हणायचं होतं.

आप्पा सगळ्यांसमोर म्हणाला, "घाबरस का? मी उतरू?"

त्याचे गुडघे गेलेत. मी उतरलो.

भिंत येताना आवाज होत नाही. पाठीला आधी गार लागलं, मग काहीतरी मोठं, मऊ अंगावर टेकलं आणि थांबलंच नाही. छातीपर्यंत. श्वास बाहेर गेला की माती जवळ यायची आणि आत घ्यायला जागा राहायची नाही. अर्धा ढीग अजून वरच, कलंडलेला.

आप्पा त्याच गुडघ्यांनी खाली आला. फावडं मला लागेल म्हणून हातानेच उकरत होता. नखं फाटली होती. घमेलं भरून त्याने मामाकडे वर दिलं. मामाने ते घाईत शेठच्या पांढऱ्या फरशीवर फेकलं.

आप्पा मान वर करून ओरडला, "तठे नको! ढिगावर टाक, ढिगावर!"

मामा पंचवीस वर्षांत त्याला उलट बोलला नव्हता.

"दाजी, गप बस," मामा म्हणाला, आणि दुसरं घमेलंही फरशीवरच फेकलं.

माझी डावी मांडी दोन ठिकाणी मोडली. तो पाय आता सव्वा इंच आखूड आहे.