विक्रोळीची बसंतराणी

बसंतराणीच्या झाडांचा गुलाबी बहर कुठून पाहावा, असं कुणी विचारलं तर मी विक्रोळी सांगते. ठाण्याहून मुंबईकडे जाताना, सकाळी, डावीकडच्या खिडकीतून. ताईला रेडिएशनला नेताना मी तिला मुद्दाम त्याच बाजूला बसवलं.

"ताई, बघ ना."

तिने डोळे मिटले. "पुढच्या वर्षी बघेन."

"आता समोर आहे तर?"

"शेवटचं म्हणून दाखवतेयस तू."

रस्त्याकडेला माणसं निवांत फोटो काढत होती. बहर परत येईल तेव्हा आपणही असणार, हे सगळ्यांनीच धरून चाललेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरला गाडी आतल्या रस्त्याने घ्यायला सांगितलं. तिथे नुसती गॅरेजं आणि भिंती. ताई सगळा वेळ बाहेर बघत होती.